नावातली चांदी

सेंट पॉल, मार्चची दोन तारीख

बाबा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. पत्र बाओ वहिनी वाचून दाखवत असेल, म्हणून तिलाही नमस्कार. वहिनी, घसा साफ करून बस, पत्र लांबणार आहे, आणि मधली वाक्यं गाळायची नाहीत. नवीन वर्षाच्या कार्डातलं माझं एक वाक्य तू गाळलंस, हे मला दादाकडून कळलं आहे.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. बर्फ अजून हललेलं नाही. तळघरात दिवे लावून मिरचीची रोपं केली आहेत, ती आता दोन-दोन पानांची झाली. येंग खिडक्यांच्या कारखान्यात आहे तिथेच आहे, आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं बाजारात बसतो. उन्हाळ्यात आमच्या कोथिंबिरीला आणि गवती चहाला गोरी गिऱ्हाइकंसुद्धा येतात, वास घेऊन नाक फेंदारतात आणि तरी घेऊन जातात. धाकटा टोंग माझ्या खांद्याला लागला. खातो मात्र आख्ख्या पलटणीएवढं. तुम्ही अजून सगळ्यांच्या आधी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात असता असं दादा सांगत होता. पाठ कशी आहे असं कुणी विचारलं की तुम्ही उलट त्याच्याच पाठीची चौकशी करता, हेही सांगत होता.

आता बातमी. गाओनूला विद्यापीठात प्रवेश मिळाला.

विषय आहे माती. हसू नका. माती कशाने जगते, कशाने मरते, हे तिथे चार वर्षं शिकवतात. तुम्ही म्हणाल, त्याला कॉलेज कशाला हवं, पोरीला माझ्या वाफ्यात उभी करा. तिने प्रवेशाच्या निबंधात तुमच्याबद्दलच लिहिलं होतं. माझे आजोबा चिमूटभर माती जिभेवर ठेवून सांगतात की इथे मिरची होईल की नाही, असं. तुम्हाला ते करताना तिने पाहिलेलं नाही, मी सांगितलेलं तिने लिहिलं. पण तो निबंध वाचून त्यांनी तिला घेतली, तेव्हा तुम्हाला आवडो न आवडो, यात तुमचा वाटा आहे.

प्रवेशाचं पत्र आलं त्या दिवशी येंगने ते जेवणाच्या डब्यात, भाताच्या वर ठेवून कारखान्यात नेलं. परत आणलं तेव्हा त्यावर मिरचीच्या चटणीचा डाग होता. गाओनू ओरडली, तर म्हणाला, ‘‘सगळ्यांनी वाचलं, म्हणून पडला.’’ हा माणूस वर्षभरात कारखान्यात कुणाशी चार वाक्यं बोलत नाही. त्या दिवशी त्याने मुकादमाला थांबवून पत्र वाचायला लावलं.

प्रवेश मिळाला म्हणजे गाडी सुटली असं नाही. आमच्यासारख्यांच्या मुलांसाठी राज्य मदत देतं. घरात किती माणसं, मिळकत किती, हे सगळं लिहून द्यायचं आणि त्यावरून ते ठरवतात. ते कर्ज नसतं, परत करायचं नसतं. येंगच्या भावकीतला एक जण म्हणाला, सरकारपुढे हात पसरणार का. येंगने त्याला विचारलं, गेली इतकी वर्षं माझ्या पगारातून कर कापतात तेव्हा सरकार माझ्यापुढे काय पसरतं. पुढच्या आठवड्यात तोच स्वतःच्या मुलाचा अर्ज कसा भरायचा हे विचारायला आला.

ती मदत मिळाली तर गाओनू सप्टेंबरमध्ये जाईल. नाही मिळाली तर म्हणते, एक वर्ष थांबेन, दुकानात काम करेन, मग बघू. बाबा, एक वर्ष थांबलेल्या मुली मला माहीत आहेत. त्यातलीच एक तुम्हाला हे पत्र लिहिते आहे.

घोडं अडलंय ते येंगच्या नावावर. नागरिकत्वाच्या कागदावर तो येंग खांग आहे. कराच्या आणि कारखान्याच्या कागदांवर न्या येंग खांग. कॉलेजच्या कचेरीत या कामाला एक लिंडग्रेनबाई आहेत. चांगल्या आहेत, बसायला खुर्ची देतात. त्यांनी विचारलं, यातलं खरं नाव कुठलं? मी सांगितलं, दोन्ही. पहिलं आईबापांनी ठेवलं. मग लग्न झालं, मूल झालं, तेव्हा माझ्या वडिलांनी त्यापुढे ‘न्या’ जोडलं. आम्हा मोंग लोकांत जावई बाप झाला की सासरा त्याला मोठं नाव देतो. त्या दिवसापासून तो कुणाचा पोरगा राहत नाही, चार लोकांत बसणारा माणूस होतो. न्या म्हणजे काय, त्यांनी विचारलं. चांदी, मी म्हटलं. त्यांनी ते वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं आणि मग विचारलं, हे कुठल्या कोर्टात केलं? मी म्हटलं, फ्रेस्नोला, माझ्या वडिलांच्या अंगणात.

त्यांच्या कागदावर चौकोन आहेत. नाव का बदललं? लग्न, घटस्फोट, कोर्टाचा हुकूम, लिहिण्यातली चूक, इतर. सासऱ्याने दिलं असा चौकोन नाही. बाई म्हणाल्या, सगळ्यात सोपं म्हणजे ‘लिहिण्यातली चूक’ यावर खूण करा, सही करा, या आठवड्यात काम होऊन जाईल. बहुतेक लोक तसंच करतात.

येंगने पेन उचललं होतं. त्याने तो चौकोन वाचला आणि पेन परत टेबलावर ठेवलं.

‘‘ही चूक नाही,’’ तो म्हणाला. मग टोपी घेऊन बाहेर गेला आणि गाडीत जाऊन बसला.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. ‘इतर’ वर खूण केली तर नाव देणाऱ्याचं लेखी निवेदन लागतं. तुम्ही सांगायचं, दादाने लिहायचं, शिक्का मारणाऱ्या माणसासमोर तुम्ही अंगठा द्यायचा. मे संपायच्या आत ते इथे पोचायला हवं.

मी हे लिहिलंय ते येंगला माहीत नाही. का सांगितलं नाही ते तुम्हाला कळेल. वहिनीने ते मोठ्याने वाचावं असं मला वाटत नाही, म्हणून इथेच थांबते.

पाठीला शेक घ्या.

तुमची,
झुआ


सेंट पॉल, एप्रिलची एकोणीस

बाबा,

नमस्कार. दादाचा फोन आला होता. म्हणाला, बाबांनी सगळं पत्र ऐकलं, भात मागितला, जेवले आणि फावडं घेऊन शेतात गेले. काय म्हणाले, मी विचारलं. काहीच नाही, तो म्हणाला. तुमच्या ‘काहीच नाही’मध्ये काय काय असतं हे मला माहीत आहे, मी त्याच घरात वाढले. पण तुमचं ‘काहीच नाही’ कॉलेजच्या कचेरीत चालत नाही.

बर्फ गेलं. गाओनूबरोबरच्या पोरी कॉलेजचं नाव छापलेले सदरे घालून फिरतात. हिने अजून घेतलेला नाही. मी म्हटलं घे, तर म्हणते नंतर.

दुसरे उपाय करून पाहिले. इथे येंगच्या कुळातले एक थोरले काका आहेत, लग्नाची बोलणी आणि भांडणं दोन्ही त्यांच्याकडेच जातात. त्यांना मी म्हटलं, तुम्ही निवेदन द्या, तुम्ही कुळातले मोठे. त्यांनी माझ्याकडे जेवून घेतलं, दात कोरले आणि म्हणाले, ‘‘पोरी, त्या नावाची गोष्ट निराळी आहे. देणाऱ्याने ते परत घेतलं, असं आमच्या कानावर आहे. मी कागदावर खोटं कसं सांगू?’’

तेव्हा मला कळलं की हे इथे फक्त आम्हा दोघांना माहीत आहे असं मी समजत होते, ते अख्ख्या सेंट पॉलला माहीत आहे.

वहिनी, इथून पुढे आवाज लहान करू नकोस.

बाबा, मागच्या पत्रात कागदांवरचं सोडलं तर मी त्याला सगळीकडे नुसतं येंग लिहिलं. तुमच्या ते लक्षात आलं असेल. आमच्या घरात त्याला कुणी नुसतं येंग म्हणत नाही. मी न्या येंगच म्हणते, शेजारी म्हणतात, बाजारात समोर बसणारी म्हातारीसुद्धा तसंच म्हणते. तुमच्यापुढे ते नाव लिहायला माझा हात धजला नाही, कारण तुम्ही ते परत मागितलं होतं.

आम्ही निघालो त्या दिवशी ट्रक भरून झाला होता. गाओनू तीन वर्षांची, माझ्या कडेवर झोपलेली. आई दारात उशीला टेकून बसली होती, तिचं दुखणं तेव्हा सुरू झालेलं. तुम्ही पायरीवर. गल्लीतले सगळे जमले होते. न्या येंगचे भाऊ इकडे, म्हणून आम्ही इकडे चाललो होतो. तुम्हाला ते पसंत नव्हतं आणि तुम्ही आठवडाभर कुणाशी बोलला नव्हता. तो तुमच्यापुढे गुडघे टेकायला आला, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ‘‘चांदी ठेव, मग जा.’’

तो अर्धा वाकला होता. तसाच सरळ झाला, वळला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. दुपार झाली, डोंगर लागले, तरी बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, ‘‘नाव परत मागितलं त्यांनी.’’ त्यानंतर आजपर्यंत त्याने ते वाक्य पुन्हा उच्चारलेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात आई गेली. आम्ही आलो, जावयाची सगळी कामं त्याने केली, रात्रंदिवस उभा राहिला. तुम्ही दोघं एका खोलीत चार दिवस होता आणि एकमेकांशी एक शब्द बोलला नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर दोन दोऱ्या होत्या.

आता घरातलं सांगते. गाओनूला हे सगळं माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की एका खुणेसाठी तिचं कॉलेज अडलंय. परवा जेवताना तिने कागद बापासमोर ठेवला.

‘‘बाबा, एक खूण करायची आहे. एकच.’’

‘‘ती खोटी आहे.’’

‘‘कुणाला कळणार आहे?’’

‘‘मला.’’

‘‘आणि माझं कॉलेज?’’

‘‘कॉलेजसाठी मी रात्रपाळीसुद्धा धरीन. पण ते नाव माझं एकट्याचं नाही, ते मी एकटा खोडणार नाही.’’

ती ताटावरून उठली. जाताना म्हणाली, नावाने पोट भरत नाही. तो म्हणाला, इतकी वर्षं त्याच नावाने पगार आणलाय, तुझं पोट भरलंय. बाबा, मला त्या दोघांचाही अभिमान वाटला आणि दोघांना एकेक चापट द्यावीशी वाटली.

मग मी गाओनूच्या खोलीत गेले आणि तिला ट्रकची गोष्ट सांगितली. मग तिने मला विचारलं, ‘‘आजोबांनी नाव परत घेतलं, तर बाबा अजून ते का लावतात?’’ मी हे त्याला कधी विचारलं नव्हतं. लेकीने जाऊन विचारलं. तो म्हणाला, ‘‘शंभर माणसांसमोर दिलंय त्यांनी. मी खोडलं, तर त्यांचा शब्द खोटा पडेल.’’

ऐकलंत ना? जो माणूस तुमच्याशी बोलत नाही, तो तुमचा शब्द खोटा पडू नये म्हणून लेकीचं कॉलेज अडवून बसलाय. आणि लेकीने त्यानंतर कागद गुपचूप उचलून आपल्या दप्तरात ठेवला. तेव्हापासून तिने पुन्हा विषय काढलेला नाही. काल मात्र बाजारातल्या किराणा दुकानात कामाचं विचारून आली.

म्हणून मी आता सरळ विचारते. तुम्ही नाव परत घेतलं असेल, तर तसं सांगा. मग तुमचा शब्द तुम्हीच खोडला, न्या येंगवर काही बंधन उरलं नाही, आणि मी त्याच्या हाताला धरून त्या चौकोनात खूण करून घेईन. घेतलं नसेल, तर तसं सांगा, आणि लेखी सांगा. दोन्हींत गाओनूचं काम होतं. काहीच नाही म्हणालात, तर मात्र होत नाही.

तुम्ही मला माझ्या वेळेला थांब म्हणाला होता आणि मी थांबले. ही माझी लेक आहे. हिला मी थांबू देणार नाही.

झुआ


सेंट पॉल, जूनची सात

बाबा,

नमस्कार. बाओ वहिनी, तू हे पत्र वाचताना मध्ये मध्ये हसणार आहेस. हस, पण शेवटपर्यंत वाच.

तुम्ही फोनवर काय बोललात ते तुम्हाला माहीत आहे. तरी मी इथे लिहिते, कारण इकडे काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही, आणि मला हे कागदावर राहायला हवं आहे.

आम्ही नुकतेच मळ्यातून आलो होतो. स्वयंपाकघरात जमिनीवर कोथिंबिरीचा ढीग, सगळे जुड्या बांधत बसलो होतो. दादाच्या फोनवरून तुमचा आवाज आला. इतक्या वर्षांत तुम्ही मला फोन केला नव्हता, मला वाटलं कुणीतरी गेलं. माझे हात मातीचे होते, म्हणून गाओनूने फोन मोठ्या आवाजावर लावून ढिगाशेजारी ठेवला.

‘‘तुझा नवरा आहे का तिथं?’’

‘‘आहे.’’

‘‘त्याला सांग, चांदी म्हणजे हार. तुझ्या गळ्यात होता तो. तुझ्या आईचा. मी हार ठेव म्हटलं.’’

कुणी काही बोललं नाही. तुम्हाला वाटलं फोन बंद पडला, कारण तुम्ही तेच पुन्हा मोठ्याने सांगितलंत.

‘‘नाव कोण परत मागतं? नाव म्हणजे काय कुदळ आहे, हंगामापुरती दिली आणि परत घेतली?’’

मी म्हटलं, हार कशाला हवा होता तुम्हाला? तेव्हा तुमचा आवाज खाली आला. तुम्ही म्हणालात, तुझ्या आईने सांगितलं होतं. म्हणाली, तिचा हार इथे ठेवून घ्या, हारासाठी तरी पोरगी लवकर परत येईल.

बाबा, मी ढिगात तोंड घालून रडले. आई तेव्हा दारात बसून माझ्याकडे बघत रडत होती. मला वाटलं होतं, ती तुमच्यामुळे रडतेय. मी तिच्यासमोर तो हार गळ्यात घालून निघून गेले.

मग मी तुम्हाला विचारलं, इतकी वर्षं हे बोलला का नाहीत? तुम्ही म्हणालात, ‘‘मग तुम्ही दोघांनी विचारलं का नाही? मला वाटलं पोरांनी हार नेला तो नेला, वर उत्तरही दिलं नाही.’’ म्हणजे तुम्ही तिकडे जावई उर्मट म्हणून रागावलेले, हा इकडे सासऱ्याने माणसांतून उठवलं म्हणून. आणि मध्ये एक शब्द. लिंडग्रेनबाईंनी वहीत लिहून घेतला तो.

न्या येंग काय करत होता ते सांगते. तो जुडी बांधत होता. तुम्ही बोलत होता तेवढा वेळ तो एकाच जुडीला रबर लावत राहिला. एक लावलं, दुसरं लावलं, तिसरं लावलं. फोन ठेवल्यावर उठला, खाली तळघरात गेला. मी टोंगला त्याच्या मागे जाऊ दिलं नाही. वर आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. गाओनूला म्हणाला, ‘‘तो कागद काढ. इतर, तिथे खूण कर.’’

ती कागद आणायला गेली, आणि जाता जाता तिने बापाच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्या घरात असं कुणी करत नाही.

तुमचं निवेदन मेच्या शेवटच्या आठवड्यात पोचलं. दादाला माझा नमस्कार सांगा. तो म्हणाला की शिक्का मारणाऱ्या माणसाने तुम्हाला थोडक्यात सांगा असं सांगितलं आणि तुम्ही त्याला म्हणालात, नाव थोडक्यात दिलं नव्हतं. म्हणून अडीच पानं. आम्ही तिघं ते घेऊन कचेरीत गेलो. लिंडग्रेनबाईंनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला लागल्या. ‘‘मी चोंग टू लोर, झुआचा बाप, माझ्या अंगणात माझ्या जावयाला न्या हे नाव दिलं. त्याने माझ्या मुलीला नीट सांभाळलं, माझ्या म्हाताऱ्या भावाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं, म्हणून त्याला हलकं नाव द्यायचं नाही असं मी आणि माझ्या बायकोने ठरवलं.’’ हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत. न्या येंगलाही माहीत नव्हतं. तो खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

मग बाई थांबल्या. म्हणाल्या, इथे लिहिलंय की कोंबडीचे पाय जुळलेले निघाले. हे काय? गाओनूने उत्तर दिलं, मला बोलू दिलं नाही. नाव देताना कोंबडी उकडतात, तिचे पाय बघतात, ती म्हणाली, पाय नीट जुळलेले असले की नाव त्या माणसाला लागलं. बाईंनी विचारलं, म्हणजे हा पुरावा आहे? गाओनू म्हणाली, ‘‘आमच्याकडे याच्याहून मोठा पुरावा नसतो.’’ बाई हसल्या आणि त्यांनी तो कागद जसाच्या तसा फायलीत लावला. सरकारदरबारी आता तुमच्या कोंबडीचे पाय आहेत.

काल मंजुरी आली. राज्याची मदत पूर्ण मिळाली. गाओनू सप्टेंबरमध्ये जाते आहे.

पत्रात विद्यार्थिनीच्या नावाखाली वडिलांचं नाव छापलंय, न्या येंग खांग, आणि नुसतं येंग खांग असं कुठेही नाही. न्या येंगने ते डब्यात घालून नेऊ नये म्हणून गाओनूने आधीच काचेत लावून भिंतीवर टांगलं. संध्याकाळी थोरले काका आले. मी तर पहिल्यापासून सांगत होतो, म्हणाले. मी त्यांना जेवायला वाढलं. काल मला कुणाशी भांडायचं नव्हतं. गाओनू तो कॉलेजचा सदरा घालून ताटं मांडत होती, टोंग तिला बाईसाहेब म्हणून चिडवत होता. इतक्या दिवसांत घरात पहिल्यांदा गलका होता.

मला अभिमान वाटतो बाबा. लेकीचा वाटतो, ती तर आहेच. नवऱ्याचा वाटतो, खोटी खूण केली नाही म्हणून. आणि तुमचाही वाटतो, हे लिहायला मला तीन पत्रं लागली.

गाओनूला कॉलेजात पोचवलं की आम्ही फ्रेस्नोला येतो. तिला पाठवणार होते तुमची माती चाखायला, पण ती म्हणते, आईबाबांनी आधी जावं, मी सुट्टीत जाईन.

खाली जागा सोडली आहे. न्या येंगने रात्री मला विचारलं, संपलं का तुझं? मी म्हटलं, का? म्हणाला, मलाही थोडं लिहायचंय. वहिनी, त्याचं अक्षर वाकडं आहे, सावकाश वाच. आणि एकही शब्द गाळू नकोस.

झुआ

बाबा,

मला पत्र लिहायची सवय नाही.

ट्रकपाशी मी विचारायला हवं होतं, चांदी म्हणजे कुठली. एका वाक्याचं काम होतं. विचारलं नाही, कारण तुम्ही नाव म्हणाल अशी भीती वाटली.

मला ते सोडायचं नव्हतं.

तुमचा जावई,
न्या येंग